बांधावर थांबलेला कायदा

माहूरजवळ धनोड्याचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा संपतो आणि यवतमाळ लागतो. मधे फक्त पैनगंगा. नदीच्या दोन्ही काठांवर जमीन तीच काळी, पीक तोच कापूस आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तासात शिरणारा माणूसही तसाच. २०१७ च्या पावसाळ्यात पलीकडच्या काठावर फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. जुलै ते ऑक्टोबर या काळात आठशेच्या आसपास माणसं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि इतर रुग्णालयांत दाखल झाली. काहींची दृष्टी अनेक दिवस अधू झाली होती, काहींना खाटेला बांधून ठेवावं लागलं होतं. मराठवाड्यात त्या बातम्या विदर्भाच्या बातम्या म्हणून वाचल्या गेल्या. किनवट, माहूर, हिमायतनगर, भोकर इथला कापूस उत्पादक त्या वर्षी तीच बोंडअळी मारत होता, तरीही.

त्या प्रकरणावर विशेष तपास पथक नेमलं गेलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटीस काढली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका आली. कारणं पुढे आली ती अशी: कापूस माणसाच्या डोक्याएवढा वाढला होता, त्यामुळे फवारा खाली न जाता तोंडावर येत होता. हवा दमट आणि उष्ण होती. चार्जिंगच्या नव्या पंपांतून तुषार अगदी बारीक निघत होते. आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती. सरकारने पाच कीटकनाशकांवर आणि मिश्रणांवर साठ दिवसांची बंदी घातली. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड, अॅसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस ही ती यादी. साठ दिवसांनंतर हंगाम संपलेला होता.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र कुणी नीट विचारला नाही. फवारणाऱ्या माणसाच्या सुरक्षेचे नियम या देशात पन्नास वर्षांहून जुने आहेत. ते राबवायची जबाबदारी कोणाची होती?

नियम थोडे नाहीत. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. नियम ३७ म्हणतो की, कीटकनाशकाच्या निर्मितीत किंवा फवारणीत कामाला असलेल्या माणसाची कामावर घेण्याआधी आणि नंतर निर्मितीत दर तीन महिन्यांनी, इतर कामांत वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी व्हावी. तो माणूस ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटातली विषं हाताळत असेल, तर त्याच्या रक्तातलं कोलिनेस्टरेजही मोजावं. पुढचे नियम संरक्षक कपडे, श्वसनाचं साधन, प्रथमोपचार, उतारे आणि प्रशिक्षण यांबद्दल आहेत. रिकाम्या डब्यांची विल्हेवाट कशी लावायची, तेही लिहिलेलं आहे. औसा, निलंगा किंवा मुखेडच्या शिवारात कुठल्याही सालगड्याला विचारून पाहा, त्याचं कोलिनेस्टरेज कधी कुणी मोजलंय का. त्याने तो शब्दसुद्धा ऐकलेला नसेल.

असं का झालं, हे कळायला कायद्याच्या जन्माकडे जावं लागतं. १९५८ साली केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात शंभरावर माणसं विषबाधेने मेली. जहाजातून धान्याच्या मालासोबत पॅराथिऑन आलं होतं, ते सांडून पीठ-साखरेत मिसळलं. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला. दहा वर्षांनी कायदा झाला. म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे होतं ते खाणाऱ्याचं ताट, मालाची वाहतूक, गोदाम आणि दुकान. नोंदणी कशी करायची, परवाना कोणी द्यायचा, लेबल कसं असावं, नमुना कसा घ्यायचा, यात हा कायदा आजही तरबेज आहे. पंप पाठीवर घेतलेला माणूस त्याच्या नजरेत आला तो उशिरा, नियमांच्या एका प्रकरणात.

आणि तिथेही एक दार उघडं राहिलं. कायद्याचं कलम ३८ सांगतं की, एखादी व्यक्ती घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. हेतू वाईट नव्हता. शेतकऱ्यामागे इन्स्पेक्टर लागू नये, एवढाच असावा. पण मराठवाड्यात फवारणी मोठ्या प्रमाणावर मजूर करतात. मालकाच्या रानात मजूर फवारतो, तेव्हा तो वापर कोणाचा? मालकाचा धरला तर कायदा लागू होत नाही. मजुराचा धरला तर जमीन त्याची नाही, आणि त्याला कामावर ठेवणारा कोण, हे कागदावर कुठेच नाही. कारखान्यात तेच विष बाटलीत भरणाऱ्या कामगाराला हातमोजे मिळाले नाहीत, तर कुणाला जाब विचारायचा हे ठरलेलं आहे. शेतात ते ठरलेलं नाही. कायदा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपर्यंत येतो, फार तर पावतीसोबत बांधापर्यंत येतो, आणि तिथे थांबतो. पुढे बांधाच्या आत माणूस आणि विष दोघंच असतात.

अंमलबजावणीची यंत्रणा पाहिली तरी हेच दिसतं. लातूरचं विभागीय कृषी सहसंचालक कार्यालय लातूरसह नांदेड, धाराशिव, परभणी आणि हिंगोली असे पाच जिल्हे सांभाळतं. तालुका पातळीवरचे कृषी अधिकारी, पंचायत समितीचे कृषी अधिकारी हेच गुणनियंत्रण निरीक्षकही असतात. बियाणं, खत, कीटकनाशक तिन्ही त्यांच्याकडे. शिवाय पीक विमा, पंचनामे आणि योजना. निरीक्षक दुकानात जातो, परवाना पाहतो, साठा नोंदवही पाहतो, मुदत संपलेला माल बाजूला काढतो, नमुना घेऊन प्रयोगशाळेला पाठवतो. भरारी पथकं निघतात, बोगस कीटकनाशकाचा साठा पकडल्याच्या बातम्या येतात. हे काम गरजेचंच आहे. पण ही सगळी तपासणी मालाची आहे. बाटलीतलं विष खरं आहे की खोटं, एवढंच तिथे पाहिलं जातं. विष खरं निघालं तर ते मारणाऱ्याचं काय, हा प्रश्न त्या निरीक्षकाच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. २०२३ साली राज्य सरकारने बोगस निविष्ठांविरुद्ध कडक विधेयकं आणली, विक्रेत्यांनी नोव्हेंबरमध्ये दुकानं बंद ठेवली, मोठा वाद झाला. त्या संपूर्ण वादात पंप पाठीवर घेणारा मजूर कुठेच नव्हता. तो तेव्हा तुरीवर फवारत होता.

त्याचं काम कसं चालतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नियम लिहिणाऱ्यांना ते दिसलेलं नसावं. लातूर जिल्हा म्हणजे सोयाबीनचा जिल्हा. बाजार समितीपासून तेलगिरण्यांपर्यंत सगळं अर्थकारण त्यावर उभं. पेरणीनंतर तणनाशक, मग खोडमाशी, चक्रीभुंगा, उंट अळी, शेंगांच्या वेळची अळी, आणि दुकानदाराने सांगितलेलं टॉनिक. ऑगस्टमध्ये सोयाबीन कमरेला लागतं आणि दाट असतं, चालताना पँट मांडीपर्यंत ओली होते. ओली होते ती दवाने नाही, मागच्या तासाला मारलेल्या औषधाने. पंप पंधरा-सोळा लिटरचा असतो. एकराला दहा-बारा पंप लागतात आणि बऱ्याच ठिकाणी मजुरी पंपावर मोजली जाते. दिवसाचे पंप जितके जास्त तितका पैसा. मग वारा उलटा असला तरी थांबायचं नाही, नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं, टाकी भरताना काठी शोधत बसायचं नाही, हात घालून ढवळायचं. हा अडाणीपणा आहे, असं शहरातली माणसं म्हणतात. मला तो मजुरीच्या पद्धतीचा परिणाम वाटतो. रोजाने पैसे मिळाले असते, तर तोच माणूस वारा पडेपर्यंत बांधावर बसला असता.

पाणी आणून देणारी बाई या हिशोबात कुणी धरत नाही. ड्रमातून बादली भरून पंपात ओतायची ती. संध्याकाळी ते कपडे धुवायची ती, बहुतेक वेळा घरच्या कपड्यांसोबतच. आणि फवारणीच्या दुसऱ्या दिवशी खुरपायला त्याच रानात जाणाऱ्याही बायाच. फवारल्यानंतर किती वेळ रानात पाय टाकायचा नाही, हे अमेरिकेत औषधाच्या लेबलवर तासांत लिहिलेलं असतं आणि ते मालकावर बंधनकारक असतं. आपल्याकडे टोळी ठरली की बाया निघतात.

लेबलबद्दल एक गोष्ट. भारतात विषाची तीव्रता त्रिकोणाच्या रंगाने दाखवतात. लाल म्हणजे अति तीव्र, पिवळा म्हणजे तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. ही योजना चांगली आहे, वाचता न येणाऱ्यालाही कळावी अशी. पण तो रंग एका बाटलीपुरता खरा असतो. शेतावर तीन बाटल्या एकाच टाकीत जातात. एक अळीचं, एक बुरशीचं, एक टॉनिक. त्या मिश्रणाचा त्रिकोण कोणत्या रंगाचा? त्याची नोंदणी झालेली नाही, त्याची तपासणी कुणी केलेली नाही, त्याचा उतारा कुठल्याच पत्रकात छापलेला नाही. आणि हे मिश्रण बहुतेक वेळा शेतकऱ्याने नव्हे, दुकानदाराने सुचवलेलं असतं. म्हणून विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने सुरू केलेला पदविका अभ्यासक्रम मला महत्त्वाचा वाटतो. गावात कृषी शास्त्रज्ञ पोहोचत नाही, दुकानदार पोहोचलेला असतो. पण ज्ञान देऊन भागत नाही. ज्याचा नफा बाटलीवर आहे, त्याच्याकडून कमी बाटल्यांचा सल्ला मागणं फार मोठी अपेक्षा आहे.

यवतमाळनंतर राज्यभर सुरक्षा किट वाटली गेली. मास्क, चष्मा, हातमोजे, अॅप्रन. कंपन्यांनी वाटली, कृषी विभागाने वाटली, मेळाव्यात फोटो निघाले. ऑगस्टच्या दुपारी नांदेडच्या उकाड्यात ती घालून फवारून पाहावं, म्हणजे ती किट घराच्या आढ्याला का लटकतात ते कळेल. घाम येतो, चष्म्यावर वाफ धरते, मास्कमधून श्वास पुरत नाही. ही मजुराची सबब नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशक व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता नेमकं हेच सांगते: ज्या कीटकनाशकासाठी लागणारे संरक्षक कपडे त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारे असतील, ते उष्ण हवामानात, विशेषतः छोट्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी वापरण्याचं टाळावं. म्हणजे विष बदला, माणसाला गुंडाळू नका. आपण उलटं केलं. विष तसंच ठेवलं आणि माणसाने मास्क घातला नाही म्हणून दोष माणसाला दिला.

विष बदलायचं तर अडचण अशी की, कायमची बंदी फक्त केंद्राच्या हातात आहे. राज्य फार तर कलम २७ खाली साठ दिवस विक्री थांबवू शकतं, त्यात थोडी मुदतवाढ मिळते, बस. मोनोक्रोटोफॉसचं उदाहरण पाहा. भाजीपाल्यावर त्याला २००५ पासूनच मनाई होती. २०१३ साली बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून ते पोटात गेलं आणि २३ मुलं मेली. २०१७ साली यवतमाळच्या यादीत ते होतंच. देशभर त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो २०२३ च्या सप्टेंबरअखेर, आणि शिल्लक साठा मुदत संपेपर्यंत विकायची मुभा देऊन. पॅराक्वाट या तणनाशकाला तर उताराच नाही. युरोपीय संघात त्याला २००७ पासून बंदी आहे, आपल्याकडे ते दुकानात मिळतं. डायफेन्थियुरॉनच्या बाबतीत यवतमाळच्या ५१ कुटुंबांची तक्रार २०२० साली थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेली. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी बासेलच्या न्यायालयात सिंजेंटा कंपनीविरुद्ध दावा लावला. कंपनीने आरोप फेटाळले आहेत. निकाल काय लागायचा तो लागो. पण महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबांना दाद मागायला बासेलला जावं लागलं, हा आपल्या व्यवस्थेवरचा शेरा आहे.

आता दवाखान्याकडे. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेत तोंडातून लाळ येते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू थडथडतात आणि श्वास अडतो. उपचार माहीत आहे: अॅट्रोपिन, प्रॅलिडॉक्झिम, गरज पडली तर व्हेंटिलेटर. वेळ मिळाला तर माणूस वाचतो. पण किनवट-माहूरच्या माणसाला नांदेडचं विष्णुपुरीचं वैद्यकीय महाविद्यालय गाठायला सव्वाशे किलोमीटरच्या घरात रस्ता तुडवावा लागतो. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात अर्भकं होती. औषधांचा आणि मनुष्यबळाचा तुटवडा तेव्हा देशभर चर्चेत आला. शेवटचा आधार असलेल्या रुग्णालयावर इतका भार असेल, तर फवारणीचा रुग्ण किनवटजवळच्या गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच सावरला पाहिजे. ऑगस्टच्या आधी तिथल्या कपाटात अॅट्रोपिन भरपूर असणं ही आरोग्याची नव्हे, शेतीच्या हंगामाची तयारी आहे.

दवाखान्यात आणलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो, “प्यायला का?” ज्या प्रदेशाने इतक्या आत्महत्या पाहिल्या, तिथे हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्या एका प्रश्नाने पुढची सगळी दिशा ठरते. पोलिसी कागद तयार होतो, घरचे घाबरतात, गावात कुजबुज होते. ज्याला नुसती मळमळ आणि डोळ्यांपुढे अंधारी आहे, असा मजूर मग दवाखान्यात येतच नाही. लिंबूपाणी पिऊन झोपतो. अशा विषबाधांचा वर्षाचा आकडा कुठल्याही कार्यालयात जमत नाही. कलम २६ खाली राज्य सरकार डॉक्टरांना किंवा कुठल्याही वर्गातल्या व्यक्तींना विषबाधेची प्रत्येक घटना ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवण्याची सक्ती करू शकतं. कॅलिफोर्नियात डॉक्टरांवर ही सक्ती १९७१ पासून आहे, आणि तिथलं पुढचं सगळं नियंत्रण त्या नोंदींवर उभं राहिलं. आपल्याकडे हे कलम त्याच्याही तीन वर्षं आधी लिहिलं गेलं.

पैशाचा प्रश्न यातला सगळ्यात अन्यायाचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा अपघात म्हणून धरली जाते आणि मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे. पण ती सातबारावरच्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या शेतात पंप मारून मेलेल्या भूमिहीन मजुराचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं. म्हणजे ज्याच्या जमिनीवर फवारणी झाली त्याला अनुदान आहे, ज्याने फवारली त्याला नाही. देशाच्या नव्या कामगार संहितेतही सुरक्षेच्या तरतुदी प्रामुख्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहेत. शेतातल्या सुरक्षिततेबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००१ चा करार, क्रमांक १८४, भारताने स्वीकारलेला नाही.

केरळने काही पावलं टाकली आहेत. २०१९ च्या जानेवारीत तिरुवल्ला भागात भातावर फवारणी करताना दोन मजूर मेले, तेव्हा कृषी अधिकाऱ्याच्या चिठ्ठीशिवाय कीटकनाशक विकू नये असा आग्रह तिथल्या सरकारने धरला. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध, तसं. आपल्याकडे एका सहायक कृषी अधिकाऱ्याकडे कितीतरी गावं असताना हे कसं जमेल, असं कुणी विचारेल. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या बाटल्यांपुरतं तरी जमलं पाहिजे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने कामगंध सापळे, निंबोळी अर्क, आर्थिक नुकसानीची पातळी पाहून फवारणी हे सगळं वर्षानुवर्षं सांगितलं आहे. सगरोळी, पोखर्णी, लातूर इथली कृषी विज्ञान केंद्रं तेच सांगतात. प्रत्येक टळलेली फवारणी ही मजुराची सगळ्यात पक्की सुरक्षा आहे.

ड्रोन आले आहेत, हेही खरं. त्यात माणूस फवाऱ्यापासून दूर राहतो. पण पाहा, ड्रोनने फवारायचं तर प्रशिक्षित आणि प्रमाणित चालक लागतो, २०२१ ची कार्यपद्धती पाळावी लागते, पूर्वसूचना द्यावी लागते. तेच विष पाठीवरून मारायचं तर काहीही लागत नाही. यंत्रासाठी आपण नियम केले आणि पाळूही लागलो.

शेतकऱ्याला तुरुंगात टाका, असं माझं म्हणणं नाही. दोन एकरवाला मालक स्वतःच पंप पाठीवर घेतो, त्याला दंड करून काही साधणार नाही. २०२० साली राज्यसभेत मांडलेल्या कीटकनाशक व्यवस्थापन विधेयकातही शेतकऱ्याला खटल्यातून वगळलेलं होतं, आणि ते योग्यच होतं. जबाबदारी वरच्या टोकाला हवी. जी कंपनी उष्ण प्रदेशात तीव्र विष विकते, तिने त्या जिल्ह्यातल्या विषबाधेच्या उपचाराचा आणि भरपाईचा खर्च उचलावा. विक्रेत्याने सुचवलेलं मिश्रण पावतीवर लिहून द्यावं. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जूनच्या बैठकीत बियाण्या-खतासोबत अॅट्रोपिनचा साठाही विचारावा. आणि भरपाईसाठी सातबारा मागणं बंद व्हावं.

शेवटी एक विनंती तुम्हाला. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची लातूर-नांदेडकडे जमीन आहे, तुम्ही शहरात आहात आणि रान सालगड्याकडे किंवा बटईने आहे. पाडव्याला साल ठरेल तेव्हा धान्य, कपडे, उचल यांच्यासोबत फवारणीचंही बोला. पंपावर नव्हे, रोजावर पैसे द्या. बांधावर साबण आणि स्वच्छ पाण्याचा वेगळा ड्रम ठेवा. लाल-पिवळ्या त्रिकोणाची बाटली रानात येऊ देऊ नका. फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी बाया लावू नका. आणि कुणाला चक्कर आली तर रिकामी बाटली फेकू नका; ती लेबलसकट त्याच्यासोबत दवाखान्यात पाठवा, म्हणजे डॉक्टरला “प्यायला का?” याच्या पुढचा प्रश्न विचारता येईल.